हे कुरण छापण्याचा हक्क तुम्हांला कोणी दिला?

अंड्यांच्या खोक्यावर एक कोंबडी छापलेली असते. ती हिरव्यागार गवतात उभी असते, मागे कौलारू घर, वर उगवता सूर्य आणि खाली ठळक अक्षरांत 'फार्म फ्रेश'. हे चित्र खोटे आहे. कोणा चित्रकाराच्या हातून नजरचुकीने उतरलेले हे खोटे नव्हे. पैसे मोजून, बैठका घेऊन, गिऱ्हाईक कशाला भुलते याचा अभ्यास करून ते छापलेले आहे. या देशात बाजारात येणारी बहुतेक अंडी पिंजऱ्यांतून येतात. ती घालणाऱ्या कोंबडीच्या पायाला जन्मात माती लागत नाही. गवताची काडी तिने कधी चोचीत धरलेली नसते, आणि त्या चोचीचे टोक तर ती पिल्लू असतानाच तापलेल्या पात्याने छाटून टाकतात. चित्रातल्या कोंबडीची चोच मात्र अखंड असते.

असे खोटे रोज सकाळी लाखो घरांच्या ओट्यावर येऊन पडते आणि निमूटपणे आत घेतले जाते. आज आम्ही त्याबद्दल लिहिणार आहोत, आणि सौम्य शब्दांत लिहिणार नाही.

अंडी देणाऱ्या 'लेअर' कोंबड्यांचे शेड ज्याने आतून पाहिले आहे त्याला वर्णनाची गरज नाही. पण ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्याच खिशावर हा धंदा चालतो, म्हणून सांगणे भाग आहे. तारेच्या पिंजऱ्यांच्या लांबच लांब रांगा, एकीवर एक चढवलेल्या. एकेका पिंजऱ्यात चार-पाच, कधी त्याहून जास्त पक्षी. पायाखाली जमीन नाही, तार आहे. आणि तीही उतरती, घातलेले अंडे आपोआप घरंगळत पुढे यावे म्हणून. पंख पुरते पसरायला जागा नाही. धुळीत लोळणे नाही, उंचावर बसणे नाही. अंडे घालण्याआधी आडोसा शोधण्याची कोंबडीची ओढ फार तीव्र असते. पिंजऱ्यातली कोंबडी त्या वेळी अस्वस्थ होऊन तारेवर येरझारा घालते, सोबतिणींच्या अंगाखाली शिरू पाहते, आणि शेवटी सगळ्यांच्या पायांत, उघड्यावर, अंडे टाकते. हे तिच्या नशिबी एकदा येत नाही. तिची रानटी पूर्वज वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. हिच्याकडून तीनशेच्या वर घेतली जातात. कवचाला लागणारे कॅल्शियम शेवटी तिच्या हाडांतून ओढले जाते. हाडे इतकी ठिसूळ होतात की पिंजऱ्यातून बाहेर खेचताना मोडतात. दीड-पावणेदोन वर्षांनी अंडी कमी झाली की गाडी येते आणि ती कत्तलीला जाते. शेडमधला माणूस याला 'कलिंग' म्हणतो. खोक्यावर हा शब्द कधी येत नाही.

जागेचा हिशेब आकड्यात सांगतो. आपण अर्ज लिहितो तो ए-फोर कागद समोर धरा. त्याचे क्षेत्रफळ साधारण ६२४ चौरस सेंटीमीटर भरते. युरोपीय संघाने १९९९ साली साध्या पिंजऱ्यात कोंबडीमागे किमान ५५० चौरस सेंटीमीटर जागा ठरवली, आणि एवढी जागा देणारे पिंजरेही जिवाला अन्यायकारक आहेत म्हणून १ जानेवारी २०१२ पासून ते बंद केले. आमच्या केंद्र सरकारने २०१९ साली नियमांचा मसुदा काढला तेव्हा त्यात आकडा कोणता घातला? तोच, ५५०! दुसऱ्यांनी सात वर्षांपूर्वी मोडीत काढलेला पिंजरा आमच्या दारात सुधारणा म्हणून आणून ठेवला, आणि आमच्याकडच्या अनेक शेडमध्ये आज कोंबडीला तेवढीही जागा नाही.

कायदा नाही म्हणून हे चालले आहे, असे कोणी समजू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये स्वच्छ लिहिले आहे की, ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी, रुंदी प्राण्याला हालचाल करायला पुरेशी नाही अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे हा गुन्हा आहे. रांगा रचलेले हे 'बॅटरी' पिंजरे या कलमाचा भंग करतात असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना कळवले. अंडी पुन्हा वाढावीत म्हणून कोंबड्यांना दिवसेंदिवस उपाशी ठेवण्याची जी रीत होती, तीही थांबवा म्हणून २०११ साली याच मंडळाला सांगावे लागले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने नागराज खटल्यात प्राण्यांना भूक, भय, वेदना आणि कोंडमारा यांपासून मुक्त जगण्याचा हक्क आहे हे मान्य केले. जुलै २०१७ मध्ये विधी आयोगाने लेअर आणि मांसासाठीच्या ब्रॉयलर कोंबड्यांवर आपला २६९ वा अहवाल दिला. त्या अहवालातली एक शिफारस आम्ही वाचकांपुढे मुद्दाम ठेवतो: राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने प्रमाणपत्र द्यावे आणि पिंजऱ्यातले अंडे कोणते, पिंजऱ्याबाहेरचे कोणते, हा फरक त्यात दिसावा. देशाच्या विधी आयोगाने या शिफारशीत मागितले ते एवढेच, की गिऱ्हाइकाला खरे सांगा. या शिफारशीने कोणाच्या पोटात दुखले, ते दुकानातल्या कोणत्याही खोक्याकडे पाहिले की कळते. आजही त्यावर पिंजरा हा शब्द नाही.

युरोपात असे खरे सांगणे गेली दोन दशके चालू आहे. तिथे अंड्याच्या कवचावरच आकडा उमटवावा लागतो. शून्य म्हणजे सेंद्रिय, एक म्हणजे मोकळ्यावर फिरणारी, दोन म्हणजे बंद शेडमध्ये पण पिंजऱ्याविना, तीन म्हणजे पिंजऱ्यातली. एक आकडा, एवढीच शाई. त्या शाईने तिथला कोंबडी-उद्योग बुडाला नाही. मग आमच्याकडे ती शाई का महाग व्हावी? कारण तीन हा आकडा छापला की शेजारचे कुरण पुसावे लागेल, आणि विक्री अंड्यापेक्षा त्या कुरणाची जास्त होते.

या धंद्यात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. आधुनिक कुक्कुटपालनाचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या डॉ. बी. व्ही. राव यांचा उद्योगसमूह पुण्यातून वाढला. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. दलालांच्या कचाट्यात सापडलेल्या अंडी-उत्पादकाला समितीने भाव मिळवून दिला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. वारांचे यमक जुळवून रोज अंडी खायला सांगणारी समितीची जाहिरात पाठ नसलेला माणूस आमच्या पिढीत सापडणे कठीण. पण त्या जाहिरातीने देशाला एक सवय लावली. अंडे हे कोणा जिवाच्या पोटातून येते हे विसरून त्याकडे पाहायची ती सवय. खाणाऱ्याची ताकद, मुलांची वाढ, प्रथिने, सगळे त्यात आले. पिंजरा आला नाही. आज अंड्याच्या पाकिटांवर जी कुरणे उगवली आहेत त्यांची पेरणी तेव्हाची आहे.

आणि आता तर आमच्या घरातला शब्द चोरला आहे. गावरान! शहरातल्या दुकानात तपकिरी अंडे 'गावरान' म्हणून दुपटी-तिपटीने विकले जाते. कवचाचा रंग कोंबडीच्या वाणावर ठरतो. ती उकिरड्यावर किडे वेचत फिरली की तारेवर उभी राहिली, याचा त्या रंगाशी काडीचा संबंध नाही. तपकिरी अंडी देणारे संकरित वाण पिंजऱ्यात ठेवले तर पिंजऱ्यातही तपकिरीच अंडी देतात. यात फसवणूक केवळ गिऱ्हाइकाची होत नाही. परसात दहा-बारा कोंबड्या पाळून, मुंगूस आणि मांजरापासून त्या राखून, आठवडी बाजारात टोपलीत अंडी घेऊन बसणारी जी बाई आहे, तिच्या हक्काचा भाव हे लोक तिच्याच शब्दाने लुटतात. तिच्याकडे छापील खोके नाही, सूर्योदय नाही, जाहिरातीचा पैसा नाही. तिच्याजवळ खरी गावरान कोंबडी तेवढी आहे, आणि बाजारात नेमकी तीच बिनमोल झाली आहे.

ज्यांचे नावच कोणत्या पाकिटावर येत नाही त्यांचे काय? अंडी उबवून पिल्ले काढणाऱ्या हॅचरीत पहिल्याच दिवशी नर आणि मादी वेगळे करतात. लेअर वाणाचा नर अंडे देत नाही आणि मांसासाठीही परवडेल इतका वाढत नाही, म्हणून तो एका दिवसाचा असतानाच मारला जातो. यंत्रात भरडून, गुदमरवून, बुडवून. काही पिल्ले हिरव्या, गुलाबी, निळ्या रंगात बुचकळून जत्रेत आणि आठवडी बाजारात पोरांना विकली जातात आणि चार दिवसांत टोपलीखाली मरतात. ज्या आईबापांनी ती पोराच्या हट्टापायी घेतली त्यांनाही माहीत नसते की हा अंड्याच्या धंद्याचा टाकून दिलेला माल आहे. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लांच्या या कत्तलीवर बंदी घातली. आमच्याकडे हा विषय बोलायलासुद्धा कोणी तयार नाही. प्रत्येक मादीमागे एक नर जन्मतो. म्हणजे ज्या घरात अंडे शिजते त्या प्रत्येक घरापर्यंत हा हिशेब येऊन पोचतो, आणि खोक्यावर मात्र पिवळी-धमक पिल्ले आईच्या पंखाखाली बागडत असतात. ही निर्लज्जता आहे. आम्हांला दुसरा शब्द सापडत नाही.

चिकनच्या पाकिटावरची भाषा याहून चतुर आहे. 'हार्मोनमुक्त', 'रसायनमुक्त', 'टेंडर', 'ज्यूसी'. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंची होते ती हार्मोनच्या सुईने नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या निवडून तिचा वाणच असा घडवला आहे की छातीचे मांस झपाट्याने वाढावे; पाय आणि काळीज त्या वाढीला पुरे पडले नाहीत तरी चालेल. कित्येक पक्षी शेवटच्या आठवड्यात धड चालू शकत नाहीत. 'हार्मोनमुक्त' लिहिणारा जे मुळात दिलेच जात नाही ते न दिल्याचे श्रेय घेतो, आणि खरा रोग जिथे आहे त्या वाणाबद्दल अवाक्षर काढत नाही. गिऱ्हाईक आपल्या पोराबाळांच्या तब्येतीची काळजी करते, हे ओळखून पाकीट त्या काळजीला उत्तर देते. पक्ष्याच्या तब्येतीबद्दल विचारायचे असते हे त्याने गिऱ्हाइकाला सुचूच दिलेले नाही.

इथे शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हांला मंजूर नाही. करार पद्धतीत पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज आणि राबणारे हात शेतकऱ्याचे. त्याला किलोमागे ठरलेला वाढावा मिळतो, आणि मरतूक वाढली की तोही कापला जातो. किती पक्षी किती जागेत कोंबायचे, गाडी लिफ्टिंगला कधी येणार, हे कंपनी ठरवते. ज्याच्या कर्जावर शेड उभे आहे तो पक्ष्याला जास्त जागा देईल कशी? २०२० च्या मार्चमध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो ही अफवा उठली, भाव कोसळला, आणि बेळगाव जिल्ह्यात हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात लोटून पुरल्या गेल्या. खाद्याचा खर्च सोसवेना म्हणून! खोक्यावरच्या त्या कौलारू घरात राहणारा सुखी शेतकरी हाही त्या कुरणाइतकाच खोटा आहे. शब्दांच्या या खेळात सरकारही मागे नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू आला, लाखो पक्षी मारले गेले. अशा प्रसंगी सरकारी भाषेत पक्षी 'शास्त्रोक्त पद्धतीने नष्ट' होतात. धंदेवाल्यांची भाषा आणि सरकारची भाषा एकाच शाळेत शिकलेली आहे.

आता दुधाकडे येतो. इथे वाचकांना राग येईल याची आम्हांला पूर्ण कल्पना आहे.

वसुबारसेला महाराष्ट्रात गाय-वासराची पूजा होते. त्या दिवशी उपास करणाऱ्या बायका दूध आणि दुधाचे पदार्थ खात नाहीत. ज्या कोणी ही रीत घातली त्याला एक गोष्ट नीट ठाऊक होती, की हे दूध कोणाचे आहे. त्याच दिवशी वर्तमानपत्रांतून दूध आणि तूप विकणाऱ्यांच्या शुभेच्छा झळकतात, आणि त्यांत वासराला चाटणारी गाय असते. व्यापारी गोठ्यात हे दृश्य किती वेळ टिकते? वासरू आईपासून दूर बांधले जाते. कालवड असेल तर ती उद्याची मिळकत म्हणून जपली जाते. गोऱ्हा असेल तर? होल्स्टीन आणि जर्सी संकराचा गोऱ्हा शेतकऱ्याला नको असतो. नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. मग त्या गोऱ्ह्याचे काय होते, ते दुधाच्या पट्ट्यातल्या कोणत्याही गावी जाऊन खासगीत विचारा. दूध तोडून ठेवलेले वासरू काही दिवसांत आपोआप मरते, आणि त्याला मारल्याचे पाप कोणाच्याच माथी लागत नाही.

म्हशीचा हिशेब सरकारी गणनेत उघडा पडला आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात म्हैसवर्गाची जनावरे १०.९८ कोटी. त्यांत माद्या १० कोटींहून अधिक, आणि नर एक कोटीही नाहीत. निसर्ग रेडे आणि पारड्या निम्मेनिम्म जन्माला घालतो. मग नऊ कोटींची ही दरी कशाने पडली? रेडकू उपाशी राहते, किंवा खाटकाकडे जाते. तिसरी वाट नाही. त्याच गणनेत आधीच्या खेपेपेक्षा नर म्हैसवर्ग ४२ टक्क्यांनी घटला आणि माद्या वाढल्या. भारत १९९८ पासून दूध-उत्पादनात जगात पहिला आहे, २०२३-२४ मध्ये आपण सुमारे २३.९ कोटी टन दूध काढले, हे आकडे सरकार छाती पुढे काढून सांगते. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, हे सांगताना तोच आवाज खाली जातो. ते मांस येते कुठून? मांसासाठी म्हशींचे वेगळे कळप या देशात सहसा कोणी पाळत नाही. भाकड झालेली दुभती म्हैस आणि नको झालेला रेडा, तेच ते. दुधाच्या पदार्थांवर हिरवा ठिपका असतो आणि मांसाच्या पाकिटावर तपकिरी त्रिकोण. दोन्ही खुणांखाली एकच जनावर आहे.

मुंबईच्या तबेल्यांची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. गुजरात-हरियाणातून उत्तमोत्तम म्हशी शहरात आणायच्या, दूध संपेपर्यंत पिळायच्या, रेडकू जगवायचे नाही, आणि म्हैस आटली की तिला परत न पाठवता कत्तलखान्यात धाडायचे. शहरातले तबेले हलवून १९४९ साली आरे वसाहत उभी केली गेली त्यामागे आरोग्य होते, दुधाचा दर्जा होता, आणि या नासाडीची चिंताही होती. रेडकू मेल्यावर म्हैस पान्हा सोडेना म्हणून पेंढा भरलेले त्याचे कातडे तिच्यापुढे धरायची रीत आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली आहे. आता कातड्याची जागा ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनने घेतली. १९६० च्या कायद्याचे कलम १२ दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय करणारे इंजेक्शन देण्यास शिक्षा सांगते. केंद्राने २०१८ साली या औषधाच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली; तेच औषध बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला लागते म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली. न्यायालयाचे बरोबर होते. पण गोठ्यातली सुई थांबवण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी मग हात झटकले.

खरवसाचे घ्या. खरवस आम्हांलाही आवडतो, प्रत्येक मराठी घराला आवडतो. पण वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची शक्ती जवळजवळ नसते. ती त्याला चिकातूनच मिळते, आणि तीही पहिल्या चोवीस तासांतच नीट शोषली जाते. जुन्या घरात वासराचे पोट भरल्यावर उरलेला चीक शेजारीपाजारी वाटला जायचा. दुकानात बारा महिने विकल्या जाणाऱ्या खरवसाच्या वडीत कोणत्या वासराचा वाटा गेला, हे त्या वेष्टनावर कुठे लिहिलेले असते?

शेतकरी इथेही लुटलाच जातो. त्याच्या गाईला डेअरीच्या लेखी एकच ओळख आहे, साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ. तेवढ्यावर त्याला भाव, आणि तो भावही चाऱ्याचा खर्च भागवत नाही म्हणून तो दर दोन वर्षांनी रस्त्यावर दूध ओततो. पाकिटावर मात्र 'मायेचे', 'आईच्या हातचे', 'गोमातेचे'. माता म्हणायचे आणि तिच्या पोराला उपाशी मारायचे, हे शब्द छापणाऱ्यांच्या जिभा झडत कशा नाहीत?

गांधीजींनी दूध सोडण्याचा निश्चय केला त्यामागे कलकत्त्यात गाई-म्हशींवर होणाऱ्या 'फुका' नावाच्या क्रूर प्रकाराची माहिती हे एक मोठे कारण होते. त्यांनी ते वाचले, आणि वाचल्यावर पूर्वीसारखे पिणे त्यांना शक्य झाले नाही. दूध-अंडी विकणाऱ्यांना नेमकी याच गोष्टीची धास्ती आहे. माणूस स्वभावाने क्रूर असता तर कुरणाची चित्रे लागली नसती. पिंजऱ्याचेच चित्र छापून माल खपला असता. सामान्य माणसाला कळले तर त्याचा घास अडेल, हे त्यांना पक्के ठाऊक आहे म्हणूनच एवढा खर्च होतो. हा खर्च म्हणजे त्यांचा कबुलीजबाब आहे.

अमेरिकेतही हेच. कॅलिफोर्नियाच्या दूध मंडळाने आपल्या राज्यातल्या गाई आनंदी असतात, अशी जाहिरात वर्षानुवर्षे चालवली. प्राणिहक्क संघटना कोर्टात गेली. कोर्टाने २००५ मध्ये निकाल दिला की मंडळ सरकारी असल्याने फसव्या जाहिरातींच्या कायद्याखाली येतच नाही. गाई आनंदी आहेत का, हा प्रश्न तसाच राहिला.

आमच्याकडे अशी पळवाट नाही, आणि म्हणूनच आमचा राग नियामकांवर अधिक आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाला शब्दांवर लक्ष ठेवता येत नाही, असे नाही. सोयाच्या पेयाला 'दूध' म्हणायचे नाही म्हणून त्याने २०२१ मध्ये कंपन्यांना दटावले. नैसर्गिक, ताजे, शुद्ध, पारंपरिक असे शब्द वाटेल तसे वापरू नका, असे २०१८ चे त्याचेच नियम सांगतात. २१ ऑगस्ट २०२४ ला 'ए-वन', 'ए-टू' हे दुधावरचे दावे काढून टाका असा आदेश त्याने काढला, आणि पाच दिवसांत, २६ ऑगस्टला, तो गिळला. पाच दिवस! एवढाच दम असेल तर त्या प्राधिकरणाने आपल्या पाटीवरून 'सुरक्षा' हा शब्द आधी काढावा. सोयाच्या पेल्यापुढे शूर, आणि डेअरीवाल्यांपुढे गाळण.

आता कायद्यातली एक विसंगती पाहा, तिच्यातच वाट आहे. कोंबडीला अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडल्याबद्दल १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एका ट्रे अंड्यांच्या किमतीहून कमी. पण अन्नाची दिशाभूल करणारी जाहिरात केल्याबद्दल २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दंड दहा लाखांपर्यंत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्यांदा दहा लाख, पुन्हा केल्यास पन्नास लाख. म्हणजे आमच्या कायद्याने पक्ष्याच्या वेदनेची किंमत पन्नास रुपये केली, पण त्या वेदनेबद्दल खोटे बोलण्याची किंमत पन्नास लाखांपर्यंत नेऊन ठेवली. क्रौर्याचा कायदा दात पडलेला आहे, तो बदलायला हवा. पण तो बदलेपर्यंत हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. खोटेपणाचा कायदा धडधाकट आहे. तो वापरा.

आमच्यावर आक्षेप येतील ते आम्ही जाणतो. गरिबाला स्वस्त प्रथिने नकोत का? हवीत. या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या मुलांना आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि २०२५ च्या सुरुवातीला त्याचा पैसा काढून घेतला, तेव्हा उपाशी राहिले ते गरिबाचेच पोर. अंडे खाऊ नका, असे आम्ही या लेखात कुठेही म्हटलेले नाही. ज्याला खायचे त्याने खावे, पण काय खातो ते जाणून खावे. गरिबाच्या नावाची ढाल करणारे हे लोक चढ्या भावाची कुरणे श्रीमंताच्या बाजारात विकतात. गरिबाला ते उघड्या ट्रेमधले अंडे देतात, ज्यावर कुठलेच चित्र नसते. ते उघडे अंडे एका अर्थाने प्रामाणिक आहे. दुसरा आक्षेप, छापले तर शेतकरी मरेल. उलट आहे. ज्याने मोकळ्यावर कोंबड्या सोडल्या, गोऱ्हा जगवला, त्याचा खर्च जास्त येतो. खऱ्या आणि खोट्याला एकच चित्र मिळते म्हणून त्याला भाव मिळत नाही. खोटे चित्र उतरले की पहिला फायदा त्याचाच आहे.

मागणी साधी आहे. खाणाऱ्याच्या श्रद्धेसाठी हे सरकार पाकिटांवर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण सक्तीने छापून घेते. त्याच पाकिटांवर जनावर कसे ठेवले होते तेही छापा. पिंजरा असेल तर पिंजरा. बंद शेड असेल तर बंद शेड. मोकळ्यावर असेल तर तपासून, प्रमाणपत्र देऊन, मोकळ्यावर. आणि ज्या मालामागे कुरण नाही त्यावर कुरणाचे चित्र छापणे हीच दिशाभूल मानून दंड ठोका. पिंजऱ्यातले कोणते आणि बाहेरचे कोणते हे सांगा, एवढे तर विधी आयोगाने २०१७ सालीच मागितले. पशुसंवर्धन खाते, अन्न व औषध प्रशासन आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, तिघांनाही आम्ही इथे जाहीरपणे विचारतो: तुमच्या टेबलावर ही फाइल आहे का, आणि असेल तर तिच्यावर कोण बसले आहे?

त्यांनी उत्तर दिले नाही तरी एक दरवाजा उघडा आहे. ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम १७ सांगते की फसव्या जाहिरातीविरुद्धची तक्रार लेखी किंवा ऑनलाइन, थेट जिल्हाधिकाऱ्याकडे देता येते. त्यासाठी वकील लागत नाही. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत, ३६ जिल्हाधिकारी आहेत. येत्या आठवड्यात प्रत्येक जिल्ह्यातून किमान एक अर्ज गेला पाहिजे. अर्जाला दोन गोष्टी जोडा: कुरण छापलेले पाकीट आणि ते विकत घेतल्याची पावती. अर्जात एकच विचारा, की हे कुरण कोणत्या गावच्या कोणत्या गट नंबरात आहे, ते तलाठ्याला पाठवून तपासा आणि लेखी उत्तर द्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.